फुकटची नोकरी

ज्या दिवशी इंजिन पेटवायचं असतं त्या दिवशी आमच्या शेडमध्ये पहाटे पाचच्या सुमारास दिवे लागतात. पहिली गाडी सुटायला तेव्हा चांगले चार-पाच तास असतात, पण थंड बॉयलरला घाई चालत नाही. पोलाद सगळीकडे सारखं तापलं नाही तर एक भाग फुगतो, दुसरा मागे राहतो, आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून आधी कालची राख काढायची, स्मोकबॉक्सचं दार उघडून तिथली काजळी फावड्याने भरायची, नळ्यांतून ब्रश घालायचा, काचेत पाण्याची पातळी बघायची, आणि हे सगळं झाल्यावर लाकडं नि तेलात भिजवलेल्या चिंध्या टाकून भट्टी पेटवायची. या कामाचे मला पैसे मिळत नाहीत. उलट ते करायला मिळावं म्हणून मी रेल्वे चालवणाऱ्या संस्थेची वार्षिक वर्गणी भरते, वुल्व्हरहॅम्प्टनहून वेल्सपर्यंत गाडीत पेट्रोल घालते, आणि बूटही माझे मीच घेतलेत.

आई बार्शीला असते. तिला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "फुकट?" मग जरा थांबून, "आणि वर तूच पैसे देतेस?" दोन्हींना हो म्हटल्यावर ती म्हणाली, "आबांना निदान पगार तरी होता गं."

आबा म्हणजे तिचे वडील. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते. बार्शी लाइट रेल्वे ही तेव्हा विलायती कंपनीची गाडी होती; १ जानेवारी १९५४ ला ती सरकारने घेतली. त्यामुळे आबा लागले कंपनीत आणि निवृत्त झाले सरकारी नोकर म्हणून. ही लाइन उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मूळचा जीआयपी रेल्वेतला इंजिनियर. बार्शीसारखी कापसाची, भुसाराची मोठी पेठ मुख्य लाइनपासून वीस-बावीस मैल आत पडलेली, आणि तिथे रुंद रूळ नेणं कुणालाच परवडणारं नव्हतं. कॅलथ्रॉपने अडीच फुटांचा अरुंद मार्ग घेतला आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली : इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. भार सगळीकडे सारखा असल्यावर रूळ हलके चालतात, पूल स्वस्त पडतात, आणि माल मात्र भरपूर जातो. १८९७ साली गाडी बार्शीला पोचली, १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. आषाढीला वारकरी डब्यांत मावेनात तेव्हा मालाच्या वाघिणींत बसून जात, टपावर बसून जात. या कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं आणि त्याला 'गार्डियन एंजल' असं नाव दिलं, हे मला इंग्लंडात आल्यावर कळलं. आबांना ठाऊक असतं तर त्यांनी नक्की काहीतरी तिखट म्हटलं असतं.

बार्शीत सिद्ध झालेलं तंत्र घेऊन कॅलथ्रॉपने १९०४ साली स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाइन बांधली. आमच्या घरापासून ती फार लांब नाही. १९३४ साली ती बंद पडली, रूळ निघाले, आणि आता त्या वाटेवर लोक सायकली चालवतात. मी एकदा ती चालून आले. सुंदर आहे, पण रेल्वेचं तिथे फक्त वळण उरलंय.

मी जिथे राबते ती वेल्शपूल ते लॅनवायर केराइनियन ही साडेआठ मैलांची लाइन कॅलथ्रॉपची नाही, पण रुंदी तीच, काळही तोच आणि कारणही तेच. मुख्य लाइनवरच्या वेल्शपूलला मेंढ्यांचा बाजार, आणि डोंगरापलीकडे बाजाराला मुकलेली शेतकरी गावं. १९०३ साली गाडी सुरू झाली. मँचेस्टरच्या बायर पीकॉकने बांधलेली दोन इंजिनं, 'अर्ल' आणि 'काउंटेस', कोळसा, चुना, पीठ, लाकूड, गुरंमेंढरं ओढायची. गाडी वेल्शपूल गावातून अक्षरशः घरांच्या परसांमधून जायची. मग बस आली आणि १९३१ साली प्रवासी गाडी बंद झाली. १९५६ साली मालगाडीही थांबली. इथवरची गोष्ट जगात कुठल्याही छोट्या रेल्वेची आहे.

पुढची मात्र नाही. वेल्सच्याच किनाऱ्यावर टॅलिलिन नावाची पाटीच्या दगडाची रेल्वे होती. १९५० साली तिचे मालक वारले तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखक-इंजिनियरने आणि काही हौशी मंडळींनी बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा घेतली आणि ठरवलं की ही गाडी आपणच चालवायची. मे १९५१ मध्ये त्यांनी ती चालवली. स्वयंसेवकांनी चालवलेली जगातली ती पहिली रेल्वे. त्यांचं पाहून इतरांना धीर आला. वेल्शपूलच्या हौशी लोकांनी एप्रिल १९६३ मध्ये लॅनवायरच्या बाजूने गाडी पुन्हा सुरू केली. दोन वर्षंही झाली नव्हती तोच, डिसेंबर १९६४ च्या पुरात बान्वी नदीवरच्या पुलाचा खांब खचला. वर्गणी गोळा केली, लष्कराचे इंजिनियर मदतीला आले, आणि पुढच्या वर्षी पूल पुन्हा उभा राहिला. गावातले रूळ तर १९६३ सालीच निघाले होते. म्हणून वेल्शपूलच्या वेशीवर रेव्हन स्क्वेअरला नवं स्टेशन बांधून १९८१ साली गाडी तिथवर आणली. अठरा वर्षं. इतका वेळ माणसं टिकून राहिली याचं मला पुलापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ती उतारू म्हणून, मुलींना घेऊन. तिकिटाबरोबर मिळालेल्या पत्रकात रुळांची रुंदी वाचली आणि सबंध प्रवास खिडकीबाहेर न बघता खालीच बघत बसले. शिवाय डबे बघितले. ऑस्ट्रियाच्या झिलरटाल लाइनचे. सिएरा लिओनची रेल्वे बंद पडली तेव्हा तिथून आणलेले. हंगेरीचे. इंजिनांमध्ये अँटिग्वाच्या उसाच्या मळ्यातलं एक, रुमानियाचं एक. तैवानच्या साखर कारखान्याचं डिझेल. अडीच फुटी रुळांवर जगात जे जे निकामी झालं त्यातलं बरंच इथे येऊन थांबलंय. बार्शीचं काही दिसतं का म्हणून मी शोधलं. नव्हतं. बहुधा त्या दिवशीच मी नाव नोंदवायचा अर्ज मागितला. त्यामागे थोडा हट्टही असेल.

लोकांना वाटतं, रेल्वेत स्वयंसेवक व्हायचं म्हणजे इंजिनावर चढून शिटी वाजवायची. नवीन येणाऱ्या प्रत्येकालाच तसं वाटतं आणि जुने लोक ते मोडून काढायची घाई करत नाहीत. हिवाळा ते काम आपोआप करतो. मार्चपर्यंत गाड्या जवळजवळ नसतात, पण काम तेव्हाच सगळ्यात जास्त असतं. कुजलेले लाकडी स्लीपर काढून नवे घालायचे, खालची खडी पहारीने कोचून घट्ट करायची, फिशप्लेट सोडवून ग्रीस लावून परत आवळायच्या. चर उपसायचे. रुळांवर आलेल्या फांद्या तोडायच्या. हे सगळं बहुतेक वेळा पावसात, कारण मध्य वेल्समध्ये दुसरं हवामान फारसं उपलब्ध नसतं. आमच्या टोळीचा मुकादम सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. त्याच्याबरोबर एक दाई, एक विमा कंपनीत काम करणारा, कॉलेजात शिकणारी दोन पोरं, एक शेतकरी आणि मी, जी आठवडाभर हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात आकडे जुळवते. पगारी माणसंही आहेत, पण थोडी. त्यांच्याशिवाय चाक हलणार नाही आणि नुसत्या त्यांच्यावर गाडी निघणार नाही.

माझ्या हातात पहिल्यांदा रूळमापी दिली ती याच टोळीत. दोन रुळांमध्ये आडवी ठेवायची एक साधी पट्टी. ७६२ मिलिमीटर. वळणावर थोडी ढील चालते, सरळ रस्त्यावर नाही. एवढंच. पण मला आठवलं की आबांच्या बोलण्यात 'अडीच फूट' हे माप म्हणून कधी आलंच नाही, ते जागेसारखं यायचं. 'अडीच फुटावर होतो तेव्हा' असं ते म्हणायचे, मोठ्या लाइनवर असलेल्या माणसाशी बोलताना तर मुद्दाम.

शेडमधलं काम मला नंतर मिळालं आणि तिथेच मी रमले. मला सगळ्यात आवडतं ते बॉयलर धुणं, ज्याचं वर्णन ऐकून माझ्या मुली जेवणाच्या टेबलावरून उठतात. इंजिन काही दिवस वाफेवर चाललं की पाण्यातला क्षार आणि गाळ बॉयलरच्या तळाशी आणि भट्टीभोवतीच्या भिंतींत साठतो. तिथे पाणी पोचलं नाही तर पोलाद नको तितकं तापतं. म्हणून बॉयलर पूर्ण थंड झाल्यावर पाणी सोडायचं, चारी बाजूंचे पितळी बूच पान्याने काढायचे, आणि एका बुचातून जोरदार पाण्याची धार मारत दुसऱ्यातून बाहेर काय येतं ते बघायचं. चहासारखं लालसर पाणी येतं, मग पापुद्रे, मग वाळू. सळई घालून कोपरे खरवडायचे. पाणी स्वच्छ आलं की टॉर्च आणि आरसा घेऊन प्रत्येक भोकातून आत डोकवायचं, मग प्रत्येक बूच त्याच्याच जागी, आटे साफ करून, तिरका बसू न देता. कुठलाही बूच कुठेही बसत नाही. त्यांच्यावर क्रमांक असतात. दरवर्षी बॉयलरचा तपासनीस येतो, एकदा थंड बॉयलर बघतो, एकदा वाफेवरचा. आणि साधारण दहा वर्षांनी सगळ्या नळ्या काढून संपूर्ण बॉयलर उघडावा लागतो. त्याचा खर्च ऐकला की तिकिटांच्या पैशांवर इंजिन चालत नाही, देणग्यांवर चालतं, हे कुणाच्याही लक्षात येतं.

आता मी फायरमनचं शिकते आहे. नियमांची परीक्षा झाली, आता प्रत्यक्ष काम. रेव्हन स्क्वेअरहून गाडी निघाली की लगेच गोल्फाचा चढ लागतो, २९ फुटांमागे एक फूट. चढावर कोळसा टाकत बसलात तर उशीर झालेला असतो. आग निघायच्या आधीच बांधून ठेवावी लागते, सगळीकडे सारखी, मागच्या कोपऱ्यांत थोडी जाड. मग थोडा कोळसा, वारंवार, आणि दर वेळी दार शक्य तितक्या लवकर बंद. धुराडं चढाच्या दिशेने असलं की बॉयलरमधलं पाणी मागे, भट्टीच्या बाजूला सरकतं आणि काचेत भरपूर दिसतं. ते खरं नसतं. माथा ओलांडून इंजिन सपाटीवर आलं की तेच पाणी काचेत भसकन खाली येतं, आणि भट्टीचा माथा उघडा पडला तर अनर्थ. त्यामुळे चढावर काचेत पाणी दिसत असतानाही माथ्याचा हिशेब करून इंजेक्टर लावायचा. मला शिकवणारा ड्रायव्हर पूर्वी बसगाड्या दुरुस्त करायचा. तो बोलत नाही, नुसतं काचेकडे बोट दाखवतो. आबांच्या हाताखालची पोरं सांगायची की तेही असंच करायचे.

कोळशाचं दुःख वेगळंच आहे. वेल्स म्हणजे कोळसा असं शाळेच्या पुस्तकात होतं. २०२३ च्या अखेरीस मर्थर टिडव्हिलजवळची फोस-इ-व्हरान ही मोठी उघडी खाण बंद झाली आणि वाफेच्या गाड्या चालवणाऱ्यांना हवा तसला कोळसा देशात मिळेनासा झाला. आता बोटीने परदेशातून येतो, महाग येतो, आणि काही रेल्वे कारखान्यात बनवलेल्या इंधनाच्या विटा जाळून पाहताहेत. हवामानाचा विचार केला तर खाण बंद होणं योग्यच होतं, असं मला वाटतं. आणि शनिवारी सकाळी फावडं हातात घेतलं की तेच मत जरा अवघड जातं.

आईचा पगाराचा मुद्दा मला सहज सोडता आलेला नाही. आबांना इंजिनाबद्दल माया होती की नाही, ठाऊक नाही. आजी सांगायची की त्यांचे कामाचे कपडे वेगळे भिजवावे लागत आणि तरी बाकीच्या कपड्यांना वास यायचा. मामांनी वर्कशॉपात लागू नये म्हणून त्यांनी काय काय केलं हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यांना मुलांसाठी पंख्याखालची नोकरी हवी होती. त्यांची नात पंख्याखालची नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी नाकारलेल्या जागी पैसे देऊन जाऊन उभी राहते. ब्रिटनमध्ये अशा दीडशेहून जास्त जुन्या रेल्वे चालू आहेत, त्यांवर वीस हजारांहून अधिक स्वयंसेवक राबतात. त्यांतल्या बहुतेकांना हे परवडतं. निवृत्तिवेतन आहे, गाडी आहे, रविवार मोकळा आहे. पोटाचा प्रश्न सुटल्यावरच हाताने काम करण्यातली मजा सुचते, हे मान्य करायला हवं. आमच्या शेतकऱ्याला मात्र हा मुद्दा पटत नाही. तो म्हणतो, त्याच्या आजोबांच्या मेंढ्या या गाडीने जायच्या, तर तो इथे मेंढ्यांचं भाडं फेडतोय.

आणि बार्शीची लाइन २००० नंतर टप्प्याटप्प्याने रुंद झाली याचंही मला दुःख करता येत नाही. लातूरहून मुंबईला थेट गाडी मिळाली. ज्यांना उपचारासाठी, कोर्टासाठी, नोकरीसाठी जायचं होतं त्यांना डुलत जाणाऱ्या गाडीचं काय कौतुक? तेव्हा बार्शीत लोकांनी पेढे वाटले असतील तर त्यांचं बरोबरच होतं. माझं म्हणणं वेगळं आहे. लाइन गेली तरी हरकत नाही, पण हात का जावेत? भारतात स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंगवलेली इंजिनं कितीतरी आहेत. पांढऱ्या कडा, लाल बफर, भोवती कुंड्या. त्यांना जपलेलं इंजिन म्हणायला माझी जीभ वळत नाही. वाफ न धरणाऱ्या बॉयलरमधून कुणी काही शिकत नाही. बूच तिरका बसतोय हे पान्यावरच्या हाताला कसं कळतं, आसाची पेटी तापली की वास कसा बदलतो, ओल्या रुळांवर चाक घसरायच्या आधी आवाज काय होतो, या गोष्टी कुर्डुवाडीत शेकडो माणसांना माहीत होत्या. त्या कुठे लिहिलेल्या नाहीत. सतरा वर्षांच्या पोराला सत्तरीच्या माणसाशेजारी उभं केलं तरच त्या पुढे जातात, आणि तो सत्तरीचा माणूस अजून असेपर्यंतच.

मामेभाऊ बार्शीला असतो. त्याला हे सगळं फार भावतं, विशेषतः फोटो. मध्यंतरी म्हणाला, "ताई, तिकडचं शिकून घे आणि इकडे ये. आपणही एक गाडी सुरू करू. माथेरानची चालते की!" मी म्हटलं, माथेरानची गाडी १९०७ पासूनची आहे, पण ती रेल्वेची पगारी माणसं चालवतात. विदर्भातल्या 'शकुंतला' या छोट्या गाडीसाठी तिथले लोक किती वर्षं ओरडताहेत ते बघ आधी. मग त्याला मी काय लागेल ते सांगितलं. इंजिन शेवटी लागतं. आधी पाच-सहा किलोमीटरची जमीन, वाटेत मोठा रस्ता न येणारी. छप्पर असलेलं वर्कशॉप आणि खाली उतरायचा खड्डा. बॉयलर तपासायला येणारा माणूस. कुर्डुवाडीचे जुने फिटर, ज्यांचे गुडघे अजून चालतात. आणि चाळीस जण, जे जुलैतल्या रविवारी भर पावसात चर उपसायला येतील, पुढच्या रविवारीही येतील, आणि ज्यांचा फोटो कुणी काढणार नाही.

"चाळीस नावं काढ," मी त्याला म्हटलं, "मग बोलू." त्याने आतापर्यंत तीन पाठवली आहेत. त्यांत त्याचं स्वतःचं नाही. एक आहे आबांच्या हाताखाली शिकलेल्या एका फिटरकाकांचं, वय ऐंशीच्या वर. त्यांनी निरोप दिलाय की चर उपसायला जमणार नाही, पण खुर्ची दिलीत तर बूच कसे बसवताय ते बघायला येईन.